पुस्तकातला कागद बाहेर काढण्याआधी

पिंपरी-चिंचवड, मावळ, खेड, चाकण या पट्ट्याच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं, की मार्गदर्शक दोन पत्ते हमखास देतात. एक, पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे आपलं पेशवे दप्तर. दुसरा, भारत इतिहास संशोधक मंडळ. दोन्ही पत्ते बरोबर आहेत आणि दोन्हीकडे जायलाच हवं. तिसरा पत्ता मात्र कुणी देत नाही, कारण तो कुठल्याच यादीत नसतो. तो म्हणजे गावातल्या इतिहासवेड्या माणसाचं कपाट.

असा माणूस जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात होऊन गेलेला असतो. कधी तो प्राथमिक शाळेतला गुरुजी असतो, कधी निवृत्त तलाठी, कधी कंपनीत पाळी करून रविवारी शिलालेख शोधत फिरणारा कामगार. त्याच्या नावावर छापलेलं पुस्तक असेलच असं नाही. पण त्याच्याकडे दुसऱ्याचं एक तरी पुस्तक असतं, जे त्यानं वर्षानुवर्षं वापरलेलं असतं. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, 'रियासती'चा एखादा खंड, तुकोबांची गाथा, सभासदाची बखर. समासात पेन्सिलीच्या नोंदी, ओळींखाली रेघा आणि पानापानांत कागद: पोस्टकार्डं, पावत्या, वंशावळीचे तक्ते, वर्तमानपत्राची कात्रणं, सातबाऱ्याची नक्कल, एखादं एसटीचं तिकीट.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच की अशा वेळी पुस्तक, पान, समासातली नोंद आणि त्या पानात ठेवलेला कागद मिळून एकच साधन असतं. कागद पानातून वेगळा झाला की साधनाचा अर्धा अर्थ गेला. आणि तो जातो आपल्यासारख्यांच्याच हातून, कारण पुस्तक हाती आल्यावर आपण पहिली गोष्ट कोणती करतो? ते झटकतो.

हे इथे जास्त का महत्त्वाचं आहे

हा प्रश्न कोकणातल्या किंवा विदर्भातल्या गावालाही लागू आहे. पण आपल्या पट्ट्यात त्याला घाई आहे. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. एमआयडीसी १९६२ ची. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणची वसाहत उभी राहिली आणि गाड्यांच्या कारखान्यांनी तो सगळा माळ भरून गेला. एका माणसाच्या हयातीत इथलं शेत सर्व्हे नंबरचं गट नंबर झालं, गटाचं सेक्टर झालं, सेक्टरचं प्लॉट.

या प्रवासात कागदावरून जे नाहीसं झालं ते म्हणजे शिवारातली नावं. कुठल्या शेताला 'गढीचं' म्हणत, कुठल्या ओढ्याकाठी चौकीची जागा दाखवत, जुनी पायवाट कुठून जायची. नकाशात ही नावं असायचं काही कारण नव्हतं, ती माणसांच्या तोंडी होती. माणूस गेला, वाडा पाडला, पुस्तकं रद्दीत किलोवर गेली की शेवटची नोंदही जाते. गॅझेटियरच्या छापील पानाच्या प्रती ठिकठिकाणी आहेत. त्या पानाशेजारी गावच्या माणसानं लिहिलेली ओळ मात्र जगात एकाच प्रतीत असते.

समास म्हणजे काही लहान जागा नाही

'समासातली टीप' म्हटलं की आपल्याला ते दुय्यम वाटतं. पण मराठी माणसाच्या आधुनिक इतिहासलेखनाची सुरुवातच एका अर्थी दुसऱ्याच्या पुस्तकावर टिपणं काढण्यापासून झाली आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत छापला गेला. लवकरच त्याचं मराठी भाषांतर झालं आणि शाळांमधून मराठ्यांची मुलं आपला इतिहास डफच्या तोंडून शिकू लागली. चाळीसेक वर्षं हे असंच चाललं. मग १८६७ साली नीलकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणानं पुण्यात डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. डफनं कुठली साधनं वापरली, कुठली वापरली नाहीत, त्याचं कुठलं विधान बखरींशी जुळत नाही, हे त्यानं दाखवलं. पुढे तो निबंध 'विविधज्ञानविस्तारा'त छापून आला. छापील ग्रंथ हा शेवटचा शब्द नसतो, त्याच्याशी पुराव्यानं भांडता येतं, हे त्या तरुणानं दाखवलं. गावचा गुरुजी गॅझेटियरच्या समासात 'हे चूक' असं लिहितो, तेव्हा तो लहान प्रमाणावर तेच करत असतो.

आणि प्रत हरवली तर काय होतं? गणितातलं एक उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. फर्मा नावाच्या फ्रेंच माणसानं डायोफँटस या ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाची १६२१ ची आवृत्ती वाचताना समासात लिहून ठेवलं होतं, की एका विधानाची सुंदर सिद्धता मला सापडली आहे, पण ती मावेल एवढी जागा इथे नाही. त्याची ती प्रत आज उपलब्ध नाही. तरीही जगाला ती नोंद माहीत आहे, कारण त्याच्या मुलानं १६७० साली तो ग्रंथ वडिलांच्या टिपणांसकट, जिथली टीप तिथेच ठेवून, पुन्हा छापला. सिद्धता मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतात. नोंद कुठल्या मजकुराशेजारी होती हे जपलं गेलं, म्हणून तिला अर्थ राहिला. आणि नोंद करणाऱ्यानं 'मला माहीत आहे' असं म्हटलं, एवढ्यानं ते सिद्ध होत नाही.

पहिला अर्धा तास

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. समजा, चाकणमधल्या एका घरी तुम्हाला असं पुस्तक दाखवलं गेलं. घरचे म्हणतात, "बघा, आजोबांचं आहे, काय उपयोगाचं असेल तर." या क्षणी तुम्ही जे कराल त्यावर पुढचं सगळं ठरणार आहे.

पुस्तक झटकू नका, उलटं धरू नका आणि कागद काढून त्यांची वेगळी थप्पी करू नका. आधी पुस्तक बंद असतानाच चारही बाजूंनी फोटो घ्या, म्हणजे कुठल्या भागात किती कागद आहेत ते दिसेल. मग पहिल्या पानापासून एकेक पान उलटा. कागद लागला की तो हलवण्याआधी उघड्या दोन्ही पानांसकट फोटो. मग वहीत नोंद: कोणत्या दोन पानांमध्ये, कोणती बाजू वर, घडी घातलेला की सरळ. मगच कागद उचला, पुढची-मागची बाजू टिपा आणि होता तसा परत ठेवा.

कागद उचलल्यावर खालच्या पानाकडे नीट बघा. स्वस्त कागद बराच काळ एकाच जागी राहिला, की पानावर त्याच्या आकाराची तपकिरी सावली पडते. सावली आणि कागद जुळत असतील, तर तो कागद बराच काळ तिथेच होता असं म्हणायला आधार मिळतो. सावली आहे पण कागद नाही, तर तिथून काहीतरी गेलेलं आहे, आणि हेसुद्धा लिहून ठेवायचं असतं. कागद आहे आणि सावली नाही, तर तो कदाचित अलीकडे कुणीतरी कुठूनतरी काढून तिथे खुपसलेला असेल. गंजलेल्या टाचणीचे डाग, उदबत्तीची राख, हळद-कुंकवाचे डाग, सगळं टिपा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच नको. क्रमांक घालायचेच असतील तर मऊ पेन्सिलीनं, कोपऱ्यात, बारीक, तेही घरच्यांना विचारून.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. छापील साधनग्रंथांचं उदाहरण घ्या. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई निवृत्तीनंतर आपल्या जवळच, कामशेतला राहत. त्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. ते खंड नसते तर आपल्यापैकी अनेकांचं संशोधन सुरूच झालं नसतं. पण निवड म्हटली की कागद रुमालातून बाहेर आला आणि विषयावर छापला गेला. रुमालात त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, हे छापील पानावर कळत नाही. त्यासाठी परत दप्तरात जावं लागतं, आणि तिथे रुमाल असतात म्हणून जाता तरी येतं. घरच्या पुस्तकाच्या बाबतीत परत जायला दुसरी जागा नाही. तुमची वही हाच तिथला रुमाल.

कागदाचं वय काढणं

यातल्या बहुतेक कागदांवर तारीख नसते, किंवा 'आषाढ शु. ११' एवढंच असतं. पण साल काढायच्या खुणा कागदावरच असतात. काही अगदी कामाच्या खुणा सांगतो.

पैसे बघा. पावतीवर आणे असतील तर ती बहुधा १९५७ पूर्वीची, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. मात्र जुनी नाणी त्यानंतरही काही काळ चालत होती, म्हणून 'बहुधा'. 'नये पैसे' असं लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ हा काळ धरा, कारण १९६४ मध्ये 'नये' हा शब्द अधिकृतपणे गळाला. वजनं शेरात आहेत की किलोत, तेही बघा. सरकारी कागदाच्या डोक्यावर 'मुंबई राज्य' आहे की 'महाराष्ट्र शासन'? १ मे १९६० इथे रेघ मारा. पत्त्यात सहा अंकी पिनकोड आहे? मग तो कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. नगरपालिकेची पावती असेल तर १९७० ते १९८२, महानगरपालिकेची असेल तर त्यानंतरची. बसच्या तिकिटावर पीएमपीएमएल असेल तर २००७ किंवा नंतर.

लिहिणाऱ्याचं वयही अक्षरावरून थोडंफार कळतं. 'कांही', 'नांव', 'गांव', 'पांच' अशी अनुस्वारांची पेरणी दिसली, तर मराठी शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम येण्याआधी ती व्यक्ती शाळा शिकलेली असण्याची शक्यता मोठी. पण इथे थांबा. यावरून शाळेचा काळ कळतो, नोंदीचा नाही. १९४० साली शाळेत असलेला माणूस १९९० साली सुद्धा 'नांव'च लिहितो. मोडीतल्या नोंदीचंही तसंच.

म्हणून प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा: ही खूण 'याच्या आधीचा नाही' असं सांगते, की 'याच्या नंतरचा नाही' असं? पिनकोड पहिल्या प्रकारचा. तो खालची सीमा देतो, वरची नाही. आणि कागदाचं वय हे समासातल्या नोंदीचं वय नव्हे. १९७५ ची पावती २००० साली कुणी खूण म्हणून वापरू शकतो. पावती ज्या पानावर आहे, त्या पानावरच्या नोंदीची शाई आणि पावतीच्या मागे खरडलेल्या आकड्यांची शाई सारखी दिसते का, अक्षर एकाच हाताचं आहे का, असं दोन-तीन अंगांनी जुळलं तरच काहीतरी म्हणा.

एक नोंद सोडवून बघू: चाकणचा वेढा

समजा, पुस्तक आहे जदुनाथ सरकारांचं 'शिवाजी अँड हिज टाइम्स', पहिली आवृत्ती १९१९. शास्ताखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला घातलेल्या वेढ्याच्या पानावर समासात पेन्सिलीनं एवढंच आहे: '५४? ५६?'. तुम्ही काय कराल?

छापील मजकूर आधी वाचा. सरकारांच्या हिशेबानं खान २१ जून १६६० ला चाकणपुढे आला, ५४ दिवसांच्या मेहनतीनंतर १४ ऑगस्टला सुरुंगानं बुरूज उडवला आणि १५ ऑगस्टला गाव-किल्ल्यात शिरकाव झाला. फिरंगोजी नरसाळ्यानं भुईकोट किल्ला एवढे दिवस लढवला, ही आपल्याकडची मोठी अभिमानाची गोष्ट. मराठी पुस्तकांत मात्र वेढा कुठे ५५ दिवसांचा वाचायला मिळतो, कुठे ५६ दिवसांचा. मग कोण चुकलं?

बोटं मोडून बघा. २१ ते ३० जून, दोन्ही दिवस धरून १०. जुलैचे ३१, झाले ४१. ऑगस्टचे १५, झाले ५६. म्हणजे पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरले तर ५६. १५ ऑगस्टमधून २१ जून नुसतं वजा केलं तर ५५. आणि सुरुंग उडाला त्या १४ ऑगस्टपर्यंतच मोजलं तर ५४. तीनही आकडे एकाच दोन-तीन तारखांमधून निघतात. चूक कुणाचीच नाही, मोजणी वेगवेगळी आहे. समासातलं ते प्रश्नचिन्ह आपल्याला शिकवतं, की आकड्यावर वाद घालण्याआधी आकडा कुठून कुठपर्यंत मोजला ते विचारा.

आता पुढची पायरी. या तारखा कुठल्या कॅलेंडरच्या? सतराव्या शतकात इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत, ते त्यांनी १७५२ साली सोडलं. पोर्तुगीज १५८२ पासूनच ग्रेगोरियनवर होते. त्या शतकात दोन्हींमध्ये १० दिवसांचं अंतर होतं. शिवराज्याभिषेकाची आपण पाळतो ती ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. मराठी कागद शालिवाहन शकाचं साल किंवा शुहूर सन देतात. शकात ७८ मिळवा, शके १५८२ म्हणजे १६६०-६१. शुहूर सन मृगाला सुरू होतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, 'इहिदे सितैन अलफ' म्हणजे १०६१, म्हणजे पुन्हा १६६०-६१. एकाच पद्धतीतल्या दोन तारखा वजा केल्या तर वेढ्याचे दिवस बदलत नाहीत. पण आरंभाची तारीख गोव्याच्या पोर्तुगीज पत्रातून आणि शेवटची सुरतेच्या इंग्रज पत्रातून घेतली, तर १० दिवस हवेतून येतील किंवा हवेत जातील.

आणखी एक नोंद कल्पून बघा. सरकारांनी मुघलांची हानी २६८ ठार आणि ६०० जखमी अशी दिली आहे. या आकड्याखाली रेघ आणि शेजारी दोनच शब्द: 'आपले किती?' हा प्रश्न छोटा दिसतो, पण तो साधनाच्या मर्मावर बोट ठेवतो. हे आकडे मुघल बाजूच्या लेखनातून आले. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनी आपली माणसं मोजली. किल्ल्यातली माणसं कुणी मोजली नाहीत. चाकणच्या माणसाला हा प्रश्न पडतो, कारण ती माणसं आजूबाजूच्या गावांतली असणार असं त्याला वाटतं. अशा पानात जर एखाद्या घराण्याची वंशावळ किंवा वीरगळाचं रेखाटन ठेवलेलं सापडलं, तर ते तिथेच का, हे तुम्हाला लगेच कळेल: तो माणूस त्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता. तीच वंशावळ तुम्ही काढून 'संकीर्ण कागद' अशा पाकिटात टाकली, तर ती नुसती वंशावळ उरते.

अर्थात, वंशावळ त्या पानावर होती म्हणून त्या घराण्याचा पुरुष वेढ्यात लढला, असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की अमुक काळात चाकणमधला एक वाचक तसं मानत होता किंवा तपासत होता. हा फरक सोडू नका. आपल्याकडे वंशावळीला मानाचा, जमिनीचा, देवस्थानच्या हक्कांचा वास असतो. उतावळेपणानं लिहिलेलं एक वाक्य उद्या कुणाच्या तरी वादात पुरावा म्हणून नाचवलं जाऊ शकतं.

नोंद कुठल्या जातीची आहे?

समासातल्या नोंदी वाचताना मी त्या चार ढिगांत वाटते. पहिला, दुरुस्ती: 'पूर्व नव्हे, उत्तर दरवाजा'. ही जागेवर जाऊन तपासता येते. दुसरा, भर: 'या विहिरीला अमुक म्हणतात'. ही दुसऱ्या माणसांना विचारून, जुन्या महसुली नकाशाशी लावून बघायची. तिसरा, प्रश्न: वर पाहिला तसा. हा वाचकाचा शोध कुठे चालला होता ते सांगतो. चौथा, ऐकीव: 'आजोबा सांगत' किंवा 'म्हातारी माणसं म्हणतात'. ही १६६० सालची साक्ष नव्हे. ती आजोबांच्या काळात १६६० कसं आठवलं जात होतं, त्याची साक्ष आहे, आणि तेवढ्यापुरती ती अस्सल आहे.

ऐकीव नोंद फेकून देणारा आणि ऐकीव नोंद जशीच्या तशी इतिहास म्हणून छापणारा, दोघंही एकाच कारणानं चुकतात. ती कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न ते विचारत नाहीत. हे शिकायचं असेल तर वा. सी. बेंद्रे यांचं १९२८ चं 'साधन-चिकित्सा' जरूर वाचा.

घरांनी जपलेले कागद

'घरच्या कपाटातून असं काय मोठं मिळणार?' या शंकेला उत्तर याच पट्ट्यात आहे. संताजी तेली जगनाडे हे तुकोबांचे अभंग लिहून घेणारे टाळकरी, मूळचे चाकणचे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला. त्यांच्या वह्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी त्या वह्यांच्या आधारे 'तुकारामाचा अस्सल गाथा' १९१९-२० च्या सुमारास छापला. त्याआधीच, १८६९ आणि १८७३ साली, पंडितांची सरकारी मदतीनं निघालेली गाथा आलेली होती, आणि तिलाही देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचाच आधार होता. यातली तीन गावं तुम्ही आज मोटारसायकलवरून एका दिवसात फिरून याल.

दुसरं उदाहरण जेधे शकावलीचं. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही कालनोंदींची यादी लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली प्रसिद्ध झाली. शिवजन्माचं साल तोवर बहुतेक जण १६२७ धरत. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे अनेक वर्षं वाद चालला. इतर साधनांशी पडताळा झाला, मगच तारीख रुजली. एका घरानं कागद जपला म्हणून प्रश्न उभा राहिला. पण तो सुटला पडताळ्यामुळे. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दुसरं काम आपलं आहे.

घरच्यांशी कसं वागायचं

हा भाग पद्धतीच्या पुस्तकांत कमी येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. पुस्तक त्या घराचं आहे. 'काकू, दोन दिवस नेऊ का?' असं सहज विचारून पिशवीत टाकू नका. शक्यतो त्यांच्याच ओसरीवर बसून फोटो काढा. न्यायचंच असेल तर काय नेलं, किती कागद, कधी परत, असं लिहून दोघांच्या सह्या करा. फोटोंची एक प्रत घरी द्या, नातवंडांच्या मोबाइलमध्ये नव्हे, पेन ड्राइव्हमध्ये आणि शक्य तर छापूनही.

पानांत सातबारा, वाटणीपत्र, कर्जाची चिठ्ठी, एखाद्या आजाराचा कागद सापडेल. आपल्या भागात जमिनीचे भाव काय आहेत ते सांगायला नको. असा कागद तुमच्या विषयाचा नसेल तर त्याची जागा नोंदवा, मजकूर नको. फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा मोह आवरा. आणि पुस्तक एखाद्या संस्थेला द्यायचं घरच्यांनी ठरवलं, तर तुमच्या वहीची प्रत पुस्तकाबरोबर द्या, नाहीतर तिथे पहिल्याच दिवशी कागद वेगळे आणि पुस्तक वेगळं होण्याची भीती असते.

प्रबंधात कसं लिहायचं

तळटीप अशी असू द्या की वाचणाऱ्याला चार गोष्टी कळाव्यात: कुठलं पुस्तक आणि कुठली आवृत्ती, कुठलं पान, नोंद की सुटा कागद, आणि तो आज कुणाकडे आहे (घरच्यांची नाव द्यायला परवानगी नसेल तर 'खासगी संग्रह, चाकण' पुरे). त्यापुढे तुमचा अंदाज, अंदाज म्हणूनच: 'पावतीवरील नये पैशांवरून हा कागद १९५७ ते १९६४ दरम्यानचा असावा, पान २१० वरील नोंद त्याच हातची दिसते.' 'असावा' आणि 'दिसते' लिहायला लाजू नका. परीक्षक त्यावर बोट ठेवत नाहीत. 'आहे' लिहून आधार न देणाऱ्यावर ठेवतात.

आणि त्या माणसाला श्रेय द्या. त्यानं पीएचडी केलेली नसेल, त्याच्या नावापुढे काही नसेल. पण त्याच्या प्रश्नचिन्हामुळे तुम्ही दिवस मोजायला बसलात, तर तुमच्या प्रकरणातला तो पहिला संशोधक आहे. ऋणनिर्देशात 'गावकऱ्यांचे आभार' या एका ओळीत त्याला बसवू नका. त्याचं नाव, घरच्यांच्या परवानगीनं, तळटीपेत यायला हवं, जिथे आपण सरकारांचं आणि सरदेसायांचं नाव घेतो, तिथेच.

तोवर एक सराव करून बघा. घरातलं कुणीतरी भरपूर वापरलेलं एखादं पुस्तक घ्या, पोथी असेल, पंचांग असेल, पाकपुस्तक असेल. न झटकता, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आत काय काय आहे ते पानाच्या क्रमांकासह वहीत उतरवा. तासभर लागेल. एका परक्या माणसाच्या कपाटासमोर बसायच्या आधी हात तेवढा बसलेला बरा.